पणत्यांची शिकार

लोकांची दिवाळी लक्ष्मीपूजनाला असते, माझी त्यानंतरच्या रविवारी.

त्या रविवारी मी उजाडायच्या आधीच उठून बसते. एरवी मी शाळेत गणित शिकवते, आणि पोरं माझ्या पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यातला ‘तोफ’ हा सगळ्यात सभ्य शब्द. पण त्या दिवशी तोफेची पार लवंगी झालेली असते. चहा उतू जातो, गाडीची किल्ली हातात असून मी ती घरभर शोधते, आणि तेवढ्यात नवऱ्यावर विनाकारण ओरडूनही घेते. नवरा फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरणारा माणूस. तो मुकाट्याने डबा भरून देतो, कानात कापूस घालायची आठवण करतो आणि घरीच थांबतो.

मी शिकारीला निघालेली असते. पणत्यांच्या शिकारीला. हे नीट सांगायलाच हवं, नाहीतर कुणी भलतंच समजेल.

माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, एक जुनी दुनळी बंदूक आहे. आजोबांनी घेतलेली, विलायती. नळ्यांवरची अक्षरं पुसून पुसून गुळगुळीत झालीत आणि लाकडी दस्त्याला तीन पिढ्यांच्या गालांनी चकाकी आणलीय. आताच्या बंदुकांचं यंत्र पोटात लपलेलं असतं, हिचं सगळं उघड्यावर. दोन्ही नळ्यांच्या मागे दोन घोडे उभे असतात, सशाच्या कानांसारखे. बार काढायचा तर आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, तो ‘खट्’ करून अडकला की मग चाप; त्याआधीच निसटला तर बार होत नाही. घोडा खाली आहे तोवर बंदूक म्हणजे नुसती काठी, चाप कितीही दाबा. तो ‘खट्’ आवाज मला इतका आवडतो की परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तपासताना कधी कधी तो कानात आपोआप वाजतो.

आमचं रान सांगोल्याच्या अलीकडे आहे. थोडी डाळिंबं, थोडी ज्वारी आणि बाकी सगळा माळ. बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीचा आहे आणि आबांच्या सोबतीने ती वापरणारी म्हणून त्यावर माझंही नाव चढलेलं आहे. आबांच्या तरुणपणी मात्र शिकारीचाही परवाना मिळायचा. त्या काळात या माळावर आबा आणि चाचा दोघांनी मिळून तितर, लावे, भाटतितर, काय काय मारलं असेल त्याची गणतीच नाही. चाचा म्हणजे आबांचे शाळेतले जोडीदार. पुढे त्यांनी सोलापूर गाठलं आणि जन्मभर ट्रक चालवला, पण पाखरांच्या दिवसांत ट्रक कुठेही असला तरी नेमका सांगोल्याच्या रस्त्यालाच बिघडायचा. चाचांकडे बंदूक नव्हती. त्यांच्याकडे गोफण होती, आणि लहानपणी ज्वारी राखताना हात असा बसला होता की गोफणीचा दगड ते म्हणतील त्या कणसावर जाऊन पडायचा. निदान ते तरी असंच सांगतात, आणि हळू आवाजात कधीच सांगत नाहीत.

मग कायदा कडक झाला आणि शिकार बंद झाली. आबांनी ती खरोखरच बंद केली. नुसती बंद केली नाही, तर माळावर कुणी तितरांना फासे लावले तर आबा स्वतः जाऊन ते उपटून आणायला लागले आणि लावणाऱ्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार करायला लागले. पण माणसाच्या अंगातली खाज कायद्याने जात नाही. पहिल्याच दिवाळीनंतर दोघं रानातल्या घरापुढे तोंडं पाडून बसले होते, आबा बंदूक पुशीत होते, आणि चाचांनी वैतागून एक फुटकी पणती गोफणीत घालून भिरकावली. आबांनी बसल्या जागेवरून बंदूक उचलली आणि तिचा भुगा केला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग घरातल्या सगळ्या पणत्या संपल्या, आणि आईने दोघांनाही संध्याकाळचं जेवण दिलं नाही.

तेव्हापासूनची ही रीत. आता ती फार सुधारलीय. कुंभाराकडून दिवाळीनंतर उरलेल्या वाकड्यातिकड्या पणत्या चाचा गोळा करतात. दोन पणत्या तोंडाला तोंड लावून चिखलाने सांधतात, आत चुलीतली राख भरतात, आणि सावलीत वाळवतात. छर्रा लागला की राखेचा ढग हवेत उडतो आणि लागलं की नाही याचा वाद उरत नाही. प्रत्येक फेक एका पाखराची असते. तितर म्हटलं की पणती उभी वर चढते आणि मग लांब तिरकी उतरते. लावा म्हटलं की गवताच्या शेंड्यांवरून सरळ सुटते. भाटतितर डोक्यावरून उंच जातं, आणि ते लागलं तर वर्षभर सांगत हिंडावं. कोणतं पाखरू येणार हे चाचा आधी सांगत नाहीत. ते मागे बांधाच्या आड उभे असतात, त्यांच्या गोफणीची घुंऽऽ घुंऽऽ ऐकू येते, आणि पणती हवेत दिसली की आपण तिचं नाव मोठ्यांदा घ्यायचं. नाव घेतल्यावरच घोडा ओढायचा. हा आजोबांचा नियम. पूर्वी या भागात माळढोकही असायचे, मोर अजूनही आहेत. ओळखल्याशिवाय अंगठा हलला तर भलतंच पाखरू पडायचं. पणतीच्या बाबतीत हा नियम कशाला हवा, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर आबांनी दोन वर्षं मला बंदुकीला हात लावू दिला नाही.

यंदा मात्र ही गोष्ट नुसत्या खेळाची राहिली नव्हती. आबांचा उजवा अंगठा गेलाय. म्हणजे आहे जागेवर, पण सांध्यात जोर उरलेला नाही. डॉक्टर म्हणाले संधिवात, वयाचा. शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणून आबा डोक्यातून घालायचे झब्बे वापरायला लागले आणि तीच फॅशन आहे म्हणून सांगायला लागले. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरतात आणि थंडी वाजतेय म्हणतात, मे महिन्यातसुद्धा. पणत्यांच्या शिकारीत ते गेल्या काही वर्षांपासून पंच झालेत. घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, इतकी ताठ आहे की तो अंगठा तिला हलवू शकत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणीही ते बोलत नव्हतं.

त्यात परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं. कचेरीत सांगितलं, एक तर हात धड असल्याचं डॉक्टरांचं लिहून आणा, नाहीतर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करा, नाहीतर ठाण्यात जमा करा. भाऊ पुण्याला असतो. त्याने फोनवर एका वाक्यात निकाल लावला, ती ब्याद जमा करून टाका म्हणून. मी म्हटलं, माझ्या नावावर करा. आबा म्हणाले, “पाचातल्या तीन फोडल्यास तर तुझी. न्हाईतर म्या सोताच्या हातानं ठाण्यात नेऊन देतो.”

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी पणत्या मारतेय, आणि माझी मजल पाचात दोनच्या पुढे एकदाही गेलेली नाही. आबांना ते पाठ होतं. मला ती अट वाटलीच नाही, मला तो नकार वाटला. आणि जमा झालेल्या बंदुकीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, कोठारात इतर बंदुकांच्या ढिगात पडून ती गंजते. आजोबांची ती बंदूक, तो दस्ता, ते घोडे. मी आबांना तोंडावर सांगितलं की तीन काय, पाचही फोडीन. बोलून गेले खरी, पण पाचात दोनचा हिशेब घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

मग मी गच्चीवर तयारी सुरू केली. हातात छत्री घेऊन, पारवा उडाला की ‘लावा’ म्हणायचं, अंगठा मागे ओढायचा आणि छत्री खांद्याला लावायची. शेजारच्या बाई कपडे वाळत घालताना थांबून बघायच्या. एके दिवशी त्यांनी नवऱ्याला जिन्यात गाठून माझी तब्येत बरी आहे ना, असं काळजीने विचारलं. नवऱ्याने सांगितलं की परीक्षेचे दिवस जवळ आलेत. हे उत्तर त्यांना पटलं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या रविवारी मी चाचांना सोलापुरातच त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत घेतलं. मागच्या सीटवर भुशात पणत्या भरलेलं पोतं ठेवलं आणि आम्ही निघालो. चाचा शेजारी बसले की गाडी तेच चालवतात, फक्त स्टिअरिंग माझ्या हातात असतं. मंगळवेढा येईपर्यंत त्यांनी मला गिअर, वळण आणि समोरून येणारे उसाचे ट्रॅक्टर यांच्यावर भरपूर ऐकवलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “बेटा, पाचवी मैं सीधी फेकतूं. तेरे बाप कू कळनार बी न्हाई.”

मी गाडी कडेला घेतली. चाचांना सांगितलं की असं काही केलंत तर तुम्हाला इथेच उतरवून जाईन, आणि उलट माझ्या वेळी जरा जास्तच वाकड्या फेका. चाचा खूश झाले. “हौ, ये हुई ना बात,” म्हणाले, आणि पुढचा सगळा रस्ता माझ्या ड्रायव्हिंगला नावं न ठेवता बसले.

रानात पोचलो तर आबा तयार होऊन उभे. डोक्याला मफलर, पायात बूट, बाजेवर धुतलेलं पोतं अंथरलेलं आणि त्यावर बंदूक, तेलाने चमकणारी. काडतुसं शेजारी मांडलेली. ठाण्यात आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. तिथले लोक दरवर्षी हसतात. आबांनी मला चहाचंही विचारलं नाही. बंदूक दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली आणि तोंडाने फक्त ‘चला’ म्हणाले. तिचं वजन हाताला लागलं. भीती कुठल्या कुठे पळाली. मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की आता पणत्या उडणार आहेत.

माळावर ऊन सोनेरी झालं होतं, कुसळी गवत वाळून पिवळं पडलं होतं, वारा नव्हता. मी पुढे उभी राहिले, आबा उजव्या बाजूला जरा लांब, चाचा मागे बांधाच्या आड. दोन काडतुसं घातली. नळ्या बंद केल्या. घोडे खाली.

घुंऽऽ घुंऽऽ घुंऽऽ.

पहिली पणती माझ्या डाव्या खांद्यावरून उभी वर गेली. तितर. मी अंगठा मारला, खट्, “तितर!” म्हणून ओरडले आणि चाप ओढला. हवेत राखेचा ढग फुटला. एवढा स्वच्छ, एवढा गोल ढग मी आयुष्यात फोडला नव्हता. मी उडीच मारली. बांधामागून चाचांची शिट्टी आली.

आबांनी हात आडवा केला. बाद. घोडा आधी ओढला होता, नाव मागून घेतलं.

मी भांडले. म्हटलं, दोन्ही एकदमच झालं. आबा म्हणाले, एकदम कधीच काही होत नाही. वर्गात मी स्वतः हेच सांगते. चरफडत नवीन काडतूस घातलं.

दुसरी सुटली ती लाव्याची. गवतावरून भन्नाट वेगाने. “लावा!” खट्. धडाड. पणती गेली कुठे तेच कळेना, नुसती राख तरंगत होती. एक. तिसरं भाटतितर, डोक्यावरून, इतकं उंच की मान मोडून बघावं लागलं. दोन्ही बार वाया. ती पणती निवांत जाऊन डाळिंबाच्या बागेपलीकडे पडली असेल. चौथं पुन्हा तितर. या खेपेला मी नाव असं ठणकावून घेतलं की सांगोल्यात ऐकू गेलं असेल, मग अंगठा, मग खांदा, मग ती वर जाऊन क्षणभर थबकते ना, नेमकी तिथे गाठली. दोन.

कानात नवऱ्याने दिलेला कापूस होता तरी रक्ताचा आवाज ऐकू येत होता. खांदा दुखत होता आणि त्या दुखण्याचाही मला आनंद होत होता. एक पणती उरली होती. ती फुटली तर बंदूक माझी, नाहीतर ठाण्याची. चाचांनी मागून विचारलं, घोटभर पाणी पिणार का. मी नाही म्हटलं. दोन काडतुसं घातली, नळ्या बंद केल्या.

गोफण फिरली. जरा जास्तच वेळ फिरली. पाचवी लाव्याचीच निघाली, पण चाचांनी माझा शब्द पाळला होता. ती जवळजवळ जमिनीला घासत, उजवीकडे वळत निघाली. “लावा!” खट्, पहिला बार. मागे पडला. दुसरा घोडा, खट्, ती आता गवतात शिरणार होती, मी बंदूक तिच्या पुढे नेली आणि चाप ओढला. धक्क्याने माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा गवतातून राख वर येत होती.

मी ओरडले, चाचा ओरडले. मी बंदूक उघडून रिकामी केली आणि चाचांना जाऊन मिठी मारली. आबा मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, “ती दगडावर आपटून फुटली. बार लागला न्हाय.”

आम्ही तिघं जाऊन बघितलं. खापऱ्या पडल्या होत्या त्याच्या शेजारी खरोखरच एक दगड होता. पण सांगोल्याचा माळ तो, तिथे कुठेही काहीही पडलं तरी शेजारी दगड असणारच. चाचा शपथेवर सांगू लागले की हवेत फुटली. आबा म्हणाले, तू बांधाच्या मागं, तुला काय दिसणार, आणि तू तर तिच्याच बाजूचा, गाडीतच काहीतरी ठरवून आला असशील. हे ऐकून चाचांनी गोफण जमिनीवर आपटली. मला विचाराल तर मी शपथ घेऊ शकत नव्हते. माझे डोळे मिटलेले होते. नीट बघू शकेल असा तिथे एकच माणूस उभा होता, आणि तो नाही म्हणत होता.

मला रडू येईल असं वाटलं आणि मला रडण्याचा भयंकर राग आहे, म्हणून मी भांडले. तुम्हाला द्यायचीच नव्हती, असं आबांना सरळ म्हणाले. आबांचा चेहरा लाल झाला. बारानं फुटलेली पणती कशी दिसते ते दाखवतो, म्हणाले. माझ्या हातातून त्यांनी बंदूक घेतली, दोन काडतुसं घातली, नळ्या बंद केल्या आणि चाचांना फेक म्हणून खूण केली. चाचांनी तणतणत एक तितर वर सोडलं. आबा ‘तितर’ म्हणाले. अंगठा घोड्यावर ठेवला. पणती वर चढली, थबकली, उतरली आणि पलीकडे पडली. अंगठा तिथेच होता.

“ऊन डोळ्यावर येतंय,” आबा म्हणाले, आणि वळून घराकडे चालायला लागले.

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. ते मी बोलले नाही, पण बाकी सगळं बोलले. त्यांच्या मागून चालता चालता, मोठमोठ्याने. मुलगा असता तर ही अट घातली असती का, असं विचारलं. ठाण्यात गंजलेली चालेल पण माझ्या हातात नको, असंही म्हणाले. चाचा माझी बाही ओढून मला गप्प करत होते. आबा पुढे चालतच होते, बंदूक कवेत धरून, एखादं लहान मूल कुणी हिसकावून घेईल तशी. चालताना बंदूक आधी रिकामी करायची, हा त्यांचाच नियम. त्या भांडणात तो तिघांच्याही ध्यानात आला नाही.

आणि त्यांच्या पायाखालून लावा उठला.

खरा. जिवंत. फुर्रर्र असा आवाज झाला आणि मातीच्या रंगाचा एक गोळा गवतातून सुटला. मी इतक्या वर्षांत इतक्या जवळून लावा उठताना बघितला नव्हता. आबांची पाठ सरळ झाली. ते डावा पाय पुढे टाकून वळले, आणि ते वळणं मी काय सांगू. मफलर, वय, बूट, सगळं गळून पडलं. “लावा!” असा खणखणीत आवाज आला, तो मी माझ्या लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. बंदूक खांद्याला लागली, गाल दस्त्यावर टेकला, नळ्या पाखराच्या पुढे निघाल्या, अगदी बरोबर तेवढ्याच पुढे. मला वाटलं हे असंच बघत राहावं. आणि त्याच वेळी ‘नको’ असं ओरडायला मी तोंड उघडलं होतं.

अंगठा घोड्यावर होता. तो ओढत होता. घोडा अर्ध्यापर्यंत आला, थरथरला आणि निसटून खाली बसला. आबांनी पुन्हा ओढला. या वेळी दातओठ खाऊन, नख पांढरं पडेपर्यंत. पुन्हा निसटला. लावा ज्वारीच्या कडेपर्यंत गेला, पंख ताणून तिरका झाला आणि धाटांत उतरला.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. आबांनी बंदूक खांद्यावरून खाली घेतली. ते दमल्यासारखे श्वास घेत होते, पण त्यांचा चेहरा उजळला होता. एवढे खूश झालेले आबा मी आईच्या माघारी बघितले नव्हते.

“लई देखना उठला की रं,” ते चाचांना म्हणाले.

चाचा म्हणाले, हौ, देखना था.

मग आबांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची ती खुशी हळूहळू उतरली, मला ती उतरताना दिसली. म्हणाले, “ह्यो चालला असता तर पडला हुता तो. नाव घेतलं म्या. खरं पाखरू हाय ते कळत हुतं. तरी ओढत हुतो.”

मी म्हटलं, आबा, असू दे. माझा राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. सवयीने झालं, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

“सवय न्हाय. मला तो पायजेच हुता.”

त्यांनी बंदूक आडवी केली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली. नळ्या उघडल्या, दोन्ही काडतुसं काढली, ओढणीच्या टोकात बांधली. आबांनी मोकळे झालेले दोन्ही हात झब्ब्याला पुसले आणि ज्वारीकडे बघत उभे राहिले, लावा जिथे उतरला होता तिकडे. माझ्याकडे न बघताच ते बोलले.

“पाचवी हवेतच फुटली हुती. म्या बघितली हुती.”